डावीकडची काच

१ डिसेंबर, सोमवार

सृष्टीने दिलेली वही आज उघडली. ती म्हणते, बाबा, तुम्ही फोनवर नुसतं 'बरंय, बरंय' करता, त्यापेक्षा लिहून ठेवा, मी सुट्टीत वाचीन. तर वाच बाई. तुझा बाप बार्शी सोडून मुळशीत आला आणि पहिल्याच दिवशी त्याला गाडी, खोली आणि चुलीवरची भाकरी असं तिन्ही मिळालं.

गाडी दहा चाकी, इंजिनाचा आवाज स्वच्छ. मालक बंडोपंत पौडला बसतात. माणूस बोलायला मऊ. काम असं की माणगावकडच्या कारखान्यातून कागदाचे रोल उचलायचे, ताम्हिणी घाट चढून धरणाच्या कडेकडेने पिरंगुटच्या गोदामात टाकायचे. पूर्ण भरती झाली की ताडपत्री आवळून ग्वाल्हेर. क्लीनर नाही. बंडोपंत म्हणाले, हल्ली या कामाला कोणी येत नाही, तुम्हीच दोन्ही बाजू बघा.

खोली धरणाच्या पाण्यावरच्या एका वस्तीत आहे. घरमालकीण चांगुणाबाई, पन्नाशीच्या, नवरा नाही. पुण्याचे लोक शनिवार-रविवार राहायला येतात म्हणून त्यांनी दोन खोल्या बांधल्या, त्यातली एक मला दिली. त्यांचा धाकटा भाऊ गेणबा त्यांच्यापाशीच असतो. त्याने लग्न केलेलं नाही. सकाळी वस्त्यांवरचं दूध गोळा करायचं आणि मोटरसायकलला दोन्हीकडे कॅन अडकवून पौडच्या डेअरीत घालायचं, हा त्याचा धंदा. माझी पेटी त्यानेच आत नेली. ग्वाल्हेर म्हणजे कुठं, तिथं थंडी कशी, ट्रकमध्ये झोपतात कसं, सगळं विचारून घेतलं. पुण्याच्या पलीकडे तो कधी गेला नाही. मला म्हणाला, "येकडाव मलाबी न्या की, डायवरसाहेब. डाव्या सीटवर गुमान बसंन."

मी हो म्हटलं. बोलायला काय जातं.

५ डिसेंबर

दोन फेऱ्या झाल्या. घाट सोपा आहे, पण घाट संपल्यावर पाण्याकडेचा रस्ता सकाळी अवघड. सहा ते आठ धुकं असं बसतं की बोनेटच्या पुढे काही नाही. गेणबा म्हणतो ते धुकं न्हाई, धरणाचा वाफारा हाय. कुठल्या वळणाला दाट, कुठे विरळ, त्याने मला सगळं सांगितलं. त्याची रोजची वाट आहे.

आपली जुनी पद्धत चालू आहे. लाइट खाली ठेवायचा, उजवी काच चार बोटं उघडी ठेवून कान बाहेर, आणि डोळा पांढऱ्या पट्टीवर. थंडीत समोरची काच आतून धुरकटते, ती वर्तमानपत्राने पुसायची, चष्मा शर्टाने. एकटा माणूस असला की फक्त त्याच्याच बाजूची काच धरते. डावीकडची कोरडी राहते. श्वास घ्यायला तिथे कोणी नसतं.

गेणबा रोज तांब्याभर दूध माझ्या दारात ठेवून जातो. नको म्हटलं तर ऐकत नाही.

९ डिसेंबर

माणगावहून माल आणला. धुकं फार होतं. डावीकडचा आरसा वाकला, झाडाची फांदी लागली असावी. पिरंगुटला खाली केलं. संध्याकाळी खोलीवर. जेवण गेलं नाही.

गेणबा अजून घरी आलेला नाही.

१० डिसेंबर

आज पुन्हा माणगाव. सकाळी सातला पाण्याकडेने गेलो, धुकं होतंच. खाली पाण्याच्या अंगाला एक उजेड दिसला. बॅटरीचा असावा. वर-खाली, वर-खाली होत होता. मासे धरणारे असतील. गाडी भरलेली नव्हती, थांबता आलं असतं. थांबलो नाही.

चांगुणाबाईंनी काल संध्याकाळीच विचारलं होतं की वाटेत गेणबा दिसला का. मी सांगितलं, पौडच्या स्टँडवर दिसल्यासारखा वाटला. मग वस्तीवरची माणसं पौडला गेली, तिथून पुढे पिरंगुटपर्यंत. आजही ती तिकडेच शोधत आहेत.

११ डिसेंबर

सापडला. दुपारी एका गुराख्याला दिसला. रस्त्याच्या खाली पन्नास-साठ फुटांवर, करवंदीच्या जाळीत. मोटरसायकल त्याच्या वर अडकलेली. कमरेचं हाड मोडलेलं. हातात बॅटरी होती, ती मूठ सोडवायला दोन माणसं लागली.

डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्या गेलेला नाही. काल दुपारी तीनच्या सुमारास गेला असेल.

काल दुपारी तीन.

१२ डिसेंबर

सृष्टी, हे पान तू वाचू नकोस. नाही, वाच.

फांदी नव्हती. नऊ तारखेला सकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना समोरून एक कार पूर्ण लाइट मारत आली. डोळ्यांसमोर सगळं पांढरं झालं. मी गाडी डावीकडे घेतली. डावीकडे कोण आहे ते पाहिलं नाही. डबा वाजावा तसा आवाज आला. मग दगडांवरून काहीतरी खाली जात राहिलं, बराच वेळ. मी गाडी उभी केली. इंजिन चालू होतं. खाली उतरलो नाही. कोणाचा तरी कॅन पडला असेल, असं मोठ्याने म्हणालो. कोणाला म्हणालो? मागून हॉर्न वाजला आणि मी निघालो. पुढच्या वळणावर आरशाला दूध लागलेलं दिसलं. ते पाण्याने धुतलं.

पण धडक ही चूक म्हणावी. पौडला दिसला, हे मी का सांगितलं? तसं बोललो नसतो तर माणसं त्याच दिवशी रस्त्याच्या कडेने बघत आली असती. मी त्यांना दहा मैल लांब पाठवलं. आणि तो खाली बॅटरी हलवत होता. ती मला दिसली. वस्तीवरच्या सगळ्यांत फक्त मलाच दिसली.

चांगुणाबाईंनी आज हात जोडून सांगितलं, तुमी डायवर लोकं एकमेकास्नी वळखता, कोणाच्या गाडीनं उडवलं तेवढं इचारा. मी म्हटलं, विचारतो.

१५ डिसेंबर, शिवपुरीच्या अलीकडे

परवा भरती घेऊन निघालो. बरं वाटलं, लांब जायचं म्हणून. इंदूरपर्यंत ऊन होतं. गुना शहराच्या पुढे धुकं लागलं, इकडचं धुकं दुपारीसुद्धा उठत नाही. ट्रकमागे ट्रक, सगळे पार्किंग लाइट लावून मुंगीच्या चालीने. हात गारठून स्टिअरिंगला चिकटतात.

सकाळी सातला दहा कमी असताना डावीकडची काच आतून धुरकटली.

आधी वाटलं रबर गेलं. थांबून पाहिलं, रबर चांगलं आहे. पुसली. तेवढ्याच जागी पुन्हा आली. पेल्याच्या तोंडाएवढा गोल. मोठा होतो, लहान होतो. मोठा. लहान.

ढाब्यावर अनिमेष नावाच्या आसनसोलच्या ड्रायव्हरची गाडी शेजारी लागली होती. चहा घेताना त्याने तीन कप सांगितले. मी विचारलं तिसरा कोणाला. तो म्हणाला, "तुम्हारा साथी बैठा है ना अंदर, ठंड में काँप रहा है बेचारा।" मी केबिनकडे पाहिलं नाही. कप तसाच राहिला. थोड्या वेळाने त्याच्यावर साय धरली होती.

१६ डिसेंबर

काच काल सकाळपासून रात्रभर तशीच. मी झोपलो नाही, गोल मोजत होतो. आज दुपारनंतर अंतर वाढत गेलं. एक. मग बऱ्याच वेळाने एक. तीनला पाच मिनिटं असताना थांबलं. काच सुकली.

मी देवाचं नाव घेतलं. गाडी खाली करून दिली, पावती घेतली, अंघोळ केली. संपलं असं वाटलं.

१७ डिसेंबर

सातला दहा कमी. पुन्हा सुरू.

सृष्टीला फोन केला. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला कळतं. कंबर मोडलेला माणूस थंडीत किती वेळ काढेल, असं विचारलं. ती म्हणाली, वेळेवर उचलला तर बाबा, बहुतेक वाचतोच. मग म्हणाली, का विचारताय. मी म्हटलं, बरंय.

१९ डिसेंबर, धुळ्याच्या पुढे

इकडे धुकं नाही. लख्ख ऊन. तरी काच —

मी बोललो त्याच्याशी. म्हटलं, गेणबा, माफ कर. गोल थांबला, जणू ऐकतोय. मग पुन्हा सुरू. त्याचा राग असता तर बरं झालं असतं. तो रागावलेला नाही. सगळे टोलनाके, उसाच्या गाड्या, गावं, तो बघतोय. मान वळवावी तशी जागा बदलते. त्याला प्रवास आवडतोय.

मला सहन होत नाही ते हे.

२१ डिसेंबर

पोचलो. गाडी पौडला लावली, किल्ली बंडोपंतांना दिली, बरं नाही म्हणून सांगितलं. एसटीने वस्तीवर आलो. ट्रक नाही म्हणजे काच नाही, असा हिशेब.

खोलीची खिडकी. आतून.

२२ डिसेंबर

आज गेणबाचा तेरावा. चांगुणाबाईंनी मला पंक्तीत बसवलं, हाताला धरून. भावाला तुमचा लई लळा होता, म्हणाल्या.

माणसं गेल्यावर त्या परातीत भांडी घासत बसल्या होत्या. मी समोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. आरसा, दूध, पौडचं खोटं, बॅटरी. सगळं. एकही गोष्ट मागे ठेवली नाही.

त्या ओरडल्या नाहीत. हातातली वाटी खळखळून धुतली, पालथी घातली. मग म्हणाल्या, "रोज पाटंचं हाक मारतुया त्यो. मी दारात जाऊन हुबी ऱ्हाते. मला वाटायचं, मला मारतुया." दुसरी वाटी उचलून म्हणाल्या, "तुमाला मारतुया व्हय."

मी म्हटलं, उद्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगतो.

"सांगा. मी बी येती संगं. पर आधी त्येला घिऊन या. बारा दिस झालं, अजून तितंच हाय त्यो."

बाई, त्याला तर आपण —, मी म्हणालो.

"त्ये आमी नेलं. तुमी कुटं नेलंय?"

२३ डिसेंबर, सकाळ

सहाला निघालो, चालत. वही बरोबर घेतली. सगळं लिहिलेलं आहे, ठाण्यात हीच द्यायची. चांगुणाबाई वर रस्त्यावर थांबल्या आहेत. धुक्यात त्या दिसत नाहीत, पण मधूनमधून खोकतात.

उतार निसरडा आहे. करवंदीची जाळी मोडलेली आहे, ती जागा सापडली. तिथे दगडावर बसलो आहे. काही नाही. गवत चेपलेलं आहे. पाणी खाली वाजतं आहे.

सातला दहा कमी.

माझ्या चष्म्याची डावी काच —

डावीकडे आहे. पाहिलं मी. घाबरलो नाही, म्हणजे घाबरलो, पण उठलो नाही. मोठी गोष्ट नाही ही, पण उठलो नाही. म्हणाला, लई येळ लावला, डायवरसाहेब. मी म्हटलं, हो. चल, वर ताई थांबली आहे. तो म्हणाला, उचलू नका, कंबर दुखती, जरा टेकू द्या.

त्याचं डोकं मांडीवर घेतलं. जड आहे. मला वाटलं होतं गार असेल. ऊबदार आहे, नुकत्या काढलेल्या दुधासारखं. गार मीच आहे.

किती वेळ बसू, विचारलं. तो म्हणाला, उंद्या दुपारपतुर. मी म्हटलं, बसतो.

खरंच म्हटलं. सृष्टी, मनापासून म्हटलं —

चांगुणाबाईंचा खोकला ऐकू येत नाही. हाक मारली, पण तोंडातून नुसती वाफ.

वही सुकी राहावी म्हणून शर्टात — नाव, गाव पहिल्या पानावर आहे. ठाण्यात द्या. खरं आहे सगळं.

मांडी बदलायला गेलो. कमरेखाली काही —

गेणबा म्हणतो, भिऊ नका, पयला दिस जड जातो, मग