नक्की

एल्क फॉल्स, विस्कॉन्सिन
१२ ऑक्टोबर

चि. ॲन्सेल यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. शुक्रवारी चर्चमध्ये तळलेल्या माशांच्या पंगतीला गेले, तर जो तो विचारतो, तुझा भाऊ यंदा काय म्हणतो? आपलं राज्य काठावरचं, कधी या पक्षाकडे झुकतं कधी त्या, त्यात तू आपल्या पक्षासाठी निवडणुकीचे अंदाज बांधणारा. मी म्हटलं, वॉशिंग्टनला गेल्यापासून तो बहिणीलाही आकडे सांगत नाही. सांग की. आणि मतदानाच्या आठवड्यात घरी ये. बाबा गेल्यापासून तू उंबरा ओलांडलेला नाहीस.
तुझी,
आर्डिस

वॉशिंग्टन
१८ ऑक्टोबर

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि. विस्कॉन्सिनचं मला विचारू नकोस. मागच्या निवडणुकीत बाबांना मीच फोन केला होता. म्हटलं, राज्य आपल्या खिशात आहे, बर्फ पडतंय, खोकला आहे, मतदानाला जाऊ नका. ते म्हणाले, "मग मी नाही गेलो तरी चालेल?" मी हो म्हटलं. आपण थोडक्यात हरलो. फेब्रुवारीत ते गेले, पण तोवर मला एका शब्दानंही दोष दिला नाही. आता आकड्यांना हात लावला की तोच प्रश्न कानात येतो. बाकीची राज्यं मांडून होतात, हे एक कोरं राहतं.
तुझा,
ॲन्सेल

एल्क फॉल्स
२३ ऑक्टोबर

चि. ॲन्सेल यास,
अनेक आशीर्वाद. हे फोनवर बोलवलं नसतं. बाबा गेले होते रे मतदानाला. मीच गाडीतून नेलं. परत येताना म्हणाले, मत दुसऱ्या पक्षाला दिलं. त्या पक्षाच्या उमेदवारानं गावातली बंद पडलेली कागद गिरणी पुन्हा सुरू करीन म्हटलं होतं. "ॲन्सेल म्हणतो आपण जिंकतोच आहोत, मग माझ्या एका मतानं काय बिघडणार?" दुसऱ्या दिवशी निकाल लागला आणि त्यांनी कानातलं ऐकू यायचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. आठवडाभर घातलं नाही. पोराचा अंदाज मीच बुडवला, हेच धरून बसले. तुला सांगणार नाही, अशी शपथ घेतली माझ्याकडून. चार वर्षं पाळली. चुकलं माझं.
तुझी,
आर्डिस

वॉशिंग्टन
२९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचलं आणि कचेरीच्या तळघरातून मागच्या पाहणीचे कागद काढले. फोन करून लोकांची मतं विचारली होती ना, ते. नावं नसतात, पण एल्क फॉल्समध्ये एकच निघाला: वय एकोणऐंशी, विधुर, कागद गिरणीतून निवृत्त. मत आपल्या पक्षाला. किती खात्री? 'नक्की'. खाली फोन करणारीनं लिहिलंय: 'ही उत्तरं माझा मुलगा वाचेल का, असं यांनी दोनदा विचारलं.'
ताई, हा कागद तेव्हाही माझ्या हाताखालून गेला होता. मी तेवढा 'नक्की' मोजला आणि पुढचा उचलला.
साहेबांना सांगून टाकलंय, विस्कॉन्सिनचं मला कळत नाही. शुक्रवारी येतो. माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
ॲन्सेल