टक्क्याच्या खुणेमागची ओळ

सोमवार, तारीख चौदा. (खारूताईला विचारून घातली आहे, म्हणजे बरोबरच असणार.)

चि. ठकूस आईचे पुष्कळ आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण आता तो कुरकुरला नाही तर मलाच करमायचं नाही. तू बरी असशील असं धरून चालते. फोनच करणार होते, पण तुझ्या लेकीचं नाव काढलं की तुझ्या प्रेसमधलं मशीन नेमकं सुरू होतं आणि तुला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. कागदाला ती सोय नाही. म्हणून लिहिते.

तुझी लेक, आपली खारूताई, माझ्याकडे राहायला आल्यापासून घर कसं भरल्यासारखं झालंय. जेवायच्या टेबलावर तिचं यंत्र, खिडकीत तिचे कागद, माझ्या उशीखालीसुद्धा एक वही सापडली. खारच ती, दिसेल तिथे साठवते. "आजी, जरा गप्प बस ना" असं म्हणणारं कुणीतरी या वयात मला घरात मिळालं, याचा इतका आनंद झालाय की मी मुळीच गप्प बसत नाही.

तिचा प्रबंध लिहून केव्हाच झालाय. पुलांना तडे का जातात, त्याचा. आता चाललंय ते पानं लावणं. म्हणजे तुझंच काम, पण तुझ्यासारखं नाही. तू पान डोळ्यांसमोर ठेवून लावतेस. हिने डावीकडे नुसत्या आज्ञा लिहायच्या, इथे मथळा, इथे आकृती, इथे तळटीप, आणि कळ दाबली की उजवीकडे पान तयार होऊन येतं. आकृत्या मात्र सांगितलेल्या जागी बसत नाहीत. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांसारख्या, दिलेली खोली सोडून दुसरीकडेच पथारी पसरतात.

त्यात कॉलेजात एक कारकून आहे. तो प्रबंध वाचत नाही, मोजतो. पट्टी लावून. बांधणीच्या बाजूचा समास कमी भरला म्हणून त्याने सगळा गठ्ठा परत पाठवला. खार म्हणाली, "आजी, इतकी वर्षं पुलांवर घालवली आणि अडकले कुठे, तर कडेच्या कोऱ्या जागेत." समास वाढवला की ओळी सरकतात, ओळी सरकल्या की आकृत्या उड्या मारतात. आणि शुक्रवारी बांधणीवाल्याकडे द्यायचाच आहे. एकदा काळा पुठ्ठा चढला की मग त्यात कुणी काही घालू शकत नाही की काढू शकत नाही.

परवा तर एक महिरपी कंस उघडा राहिला. तो उघडला की मिटावा लागतो, नाहीतर यंत्र रुसतं. गंमत अशी की कंस उघडा राहिला होता पहिल्या प्रकरणात आणि यंत्र बोंब मारत होतं तिसऱ्यात. ती बिचारी दुपारभर तिसऱ्यातच शोधत बसली. मी म्हटलं, हे यंत्र आपल्याच घरातलं दिसतंय.

थांब, खुर्ची वाजली. बघून येते.

काही नाही, पाणी प्यायला उठली होती. माझं सध्या हे असंच चाललंय. बसते, उठते, दारातून डोकावते, परत येऊन बसते. ती म्हणते, "तू फेऱ्या मारू नकोस, माझ्या आकृत्या हलतात."

आता तू म्हणशील, ही विषयावर येणार. येत नाही. एवढंच म्हणते की तू तिच्यासाठी राखून ठेवलेला कागद चांगला होता. तो जाड, दुधी रंगाचा, ज्याला तू कुणाच्या आमंत्रणासाठी हात लावू दिला नाहीस. लेकीच्या प्रबंधाची पानं आपल्या हाताने लावायची, हे तू ती कॉलेजात गेली तेव्हापासून मनात धरून बसली होतीस. तिला मात्र कधी बोलली नाहीस. तिने आपलं प्रेसच्या मालकासमोर सांगून टाकलं, "आई, तुमच्याकडे समीकरणं नीट येत नाहीत, तुला नाही जमायचं हे." तू म्हणालीस, "मग माझ्या घरात हा पसारा नको." झालं. ती पिशवी घेऊन माझ्या दारात. मालक म्हणे सगळ्यांना सांगतो, मायलेकी कागदावरून भांडल्या. कागदावरून कुणी घर सोडतं का?

बघ, आलेच विषयावर.

तर आज सकाळी मी चहा घेऊन तिच्या मागे उभी होते. पडद्यावर सगळं इंग्रजी, मला काय त्याचं. पण मध्येच एक ओळ आपल्या अक्षरांत, फिकट राखाडी. आणि माझी खोड तुला माहीत आहे. अक्षरं दिसली की मोठ्याने वाचायची. औषधाची बाटली म्हणू नकोस, दुकानाची पाटी म्हणू नकोस. ही खोड तूच लावलीस. शाळा सुटली की प्रेसच्या मागच्या दारातून बिघडलेले कागद घेऊन यायचीस आणि मला बसवायचीस, "आई, बोट ठेव आणि मोठ्याने म्हण." तर मी बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं,

"आईला, जिच्यामुळे मला वाकडी ओळ खुपते."

खार गर्रकन वळली. "तू वाचलंस?"

"पुढे असेल तर तेही वाचते."

"पुढे काही नाही."

"छान आहे की. कुठल्या पानावर येणार?"

"कुठल्याच नाही. आधी ती टक्क्याची खूण आहे ना, ती लावली की यंत्र ती ओळ सोडून देतं. लिहिलेली राहते, छापली जात नाही."

"मग पुसून का नाही टाकलीस?"

"आजी, चहा गार होतोय."

"माझा होतोय, तुझा कधीच संपला. ती खूण काढ आणि छाप."

"तिला नाही आवडायचं. म्हणेल, आता आली लाडीगोडी लावायला."

"विचारलंस तिला?"

"तिने विचारलं, मी कशी आहे?"

ठकू, मी उठले आणि धुतलेल्या कपबशा पुन्हा धुतल्या.

दुपारी ती आंघोळीला गेली तेव्हा यंत्र उघडंच होतं. पुसायची कळ मला माहीत आहे. पडद्यावर लिहायची जागा दाखवणारी ती काडी बरोबर त्या खुणेपाशी लुकलुकत होती, म्हणजे खार स्वतःसुद्धा तिथे जाऊन आली होती. मी कळीवर बोट ठेवलं. नुसतं दाबायचं होतं. मग काढून घेतलं. मी चोरून छापलेली ओळ तुम्हा दोघींच्या काय कामाची.

म्हणून तू ये. शुक्रवारच्या आत ये. येताना तुझी ती पोलादी पट्टी आण. इथे प्लास्टिकची आहे, तिचं टोक मोडलंय, शून्यच गायब. समास मोजायला आले म्हण. समीकरणांबद्दल बोलू नकोस, पुलांबद्दल तर नकोच. कशी आहेस एवढं विचार आणि शेजारची खुर्ची ओढून बस. बाकी तिचं ती बघेल.

खालची शिलाईवाली तुमच्या बाजूला बटणं आणायला निघाली आहे, तिच्याच हाती पत्र देते. केव्हाची दारात उभी आहे. पाकिटावर नाव घालायला मी खारीला सांगितलं, माझी अक्षरं चढण चढतात म्हणून. "कुणाला?" म्हणाली. म्हटलं, "प्रेसमध्ये." पेन उघडून नुसती बसली. मग काहीतरी लिहिलं, पाकीट पालथं ठेवलं आणि आत निघून गेली. आत्ता शिलाईवालीने ते उलटून वाचलं आणि मला विचारते, "आजी, तुमची आई अजून आहे?"

पाकीट फाडून टाकलं असशील तर जोडून बघ. दोनच अक्षरं आहेत आणि ओळ सरळ आहे.

मी तुझी आई.
पाकिटावरची तू.