एकाच हाकेला

ओक्वुदिली दादा,

तू माझ्याशी भांडून लागोसला गेलास, पत्ताही ठेवला नाहीस, म्हणून हे पत्र माझ्याचपाशी राहणार. दुपारी डोळा लागता लागता माझी खाट खाली खाली जाते, कानाशी ढोल घुमतो आणि कुणीतरी मला नावाने हाक मारतं. आई सांगायची, "एका हाकेला ओ देऊ नकोस, ती मेलेल्यांची असते. जिवंत माणूस पुन्हा हाक मारतो."

मग एका दुपारी "उगोन्मा" अशी एकच हाक आली, ती तुझ्या आवाजात. तू या जगातून गेलास असं वाटून मी उशीत तोंड खुपसून रडले, पण ओ दिली नाही.

संध्याकाळी यामचे कंद सोलताना शेजारची एझिन्ने म्हणाली, "अगं, तुझा भाऊ दारातून परत गेला. म्हणाला, हिचा राग अजून गेलेला नाही."

शहरात राहून घरची रीत विसरलास होय रे, शहाण्या? दुसरी हाक मारायला तोंड दुखत होतं का?

असो. आता मी पहिल्याच हाकेला ओ देते, रोज. एझिन्ने म्हणते, "भुतं बोलावशील घरात." येऊ देत सगळी. त्यांतली एक हाक तुझी असेल.

दाराला कडी न लावणारी तुझी बहीण,
उगोन्मा