छर्रा नसलेला ससा

वालेन्सिया, ९ ऑक्टोबर १९७८

ती. आईस,
विसीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त सासूबाईंची कवळी तेवढी गेली. आणि ती माझ्यामुळे गेली.

झालं असं, की रविवारी सासूबाईंकडे, म्हणजे आंपारोबाईंकडे, भात होता. पिंजऱ्यातल्या सशाला चव कसली, कापूस चावल्यासारखं लागतं, असं मी फुशारकीने म्हणून गेले आणि ससा आणायचं काम अंगावर घेतलं. शनिवारी बाजारात गेले. ओळीने रानससे उलटे टांगलेले, केसांसकट. तू शिकवलंस तसा एकाचा कान ओढून पाहिला, तो चटकन फाटला, म्हणजे कोवळा. मांसही गडद लाल होतं. सासूबाईंना भीती छर्‍याची. मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली, की जन्मापासून आठवड्याला दोनदा रानससा खाल्लाय, पण दाताखाली छर्रा म्हणून कधी आलेला नाही.

तिसऱ्याच घासाला कट् असा आवाज झाला. पुढचे दोन दात गेले. सासूबाईंनी छर्रा काढून ताटाच्या कडेला मला दिसेल असा ठेवला. त्यांचाच मुलगा असून बातिस्ताला हसू आवरेना, माझ्या नवऱ्याला मला टेबलाखालून लाथ मारावी लागली. माझ्या एकटीच्या ताटात आणखी चार निघाले.

आता मला सांग, आपल्याकडे कधीच कसा नाही निघाला गं? बाबा तर दर गुरुवारी आणि रविवारी बंदूक घेऊनच जायचे ना?

तुझा लोभ आहे तो कवळीपेक्षा टिकाऊ असू दे.

तुझी,
विसी

*

वाल्देतोमियो, १७ ऑक्टोबर

चि. विसीस,
अनेक आशीर्वाद.

जेवायच्या आधी शपथा घेऊ नयेत, एवढं तरी माझ्याकडून शिकायला हवं होतंस. आंपारोबाईंना माझा नमस्कार सांग आणि यापुढे त्यांना पिंजऱ्यातलाच खाऊ घाल.

छर्‍याचं विचारतेस. तुझ्या बाबांचा नेमच तसा होता, थेट डोक्यात. सगळा गाव हेच सांगेल. आणि गाव नुसतं सांगत नाही, आता लिहिणार आहे. शिकारी मंडळाचा अध्यक्ष ओनोरातो दोनदा येऊन गेला. सान मार्तीनच्या सणाला मंडळाच्या खानावळीत बाबांची बंदूक टांगायची म्हणतो, आणि खाली पितळी पाटी, की एलेउतेरिओ, ज्याचा नेम कधी चुकला नाही. पाटी करायला टाकलीसुद्धा. मी अजून हो म्हटलेलं नाही. का म्हटलं नाही ते मला विचारू नकोस, तुला काय वाटतं ते कळव.

ससा रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात ठेवलास का? नसशील ठेवला. लसूण सालीसकट ठेचायची आणि रानातली थाइम टाकायची, बाटलीतली नाही. चपटी भाकरी मोडून शेवटी घालायची, नाहीतर रश्शाचा चिखल होतो.

प्रकृतीला जप.

तुझी आई,
तोमासा

*

वालेन्सिया, २३ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न.

तुझं पत्र घेऊन मी पुन्हा बाजारात गेले. ससे विकणाऱ्या बाईला विचारलं, डोक्यातच गोळी मारणारा कोणी असतो का. ती इतकी हसली, की शेजारचा मासेवाला वळून बघायला लागला. छर्रे मूठभर दाणे फेकल्यासारखे पसरतात म्हणे, डोकं निवडून लागायला ते काय शहाणे असतात? छर्राच नसलेला ससा म्हणजे बिळात मुंगसासारखं पाळीव फेरेट सोडून जाळ्यात धरलेला आणि हाताने मान मोडलेला.

आणि आई, डोकी तर मी आणि दादा भांडून खायचो! गाल मला, जीभ त्याला. डोक्यात नेम असता तर दात आमचेच गेले असते.

मग बाबा ते ससे आणायचे कुठून? आणि दुपारपर्यंत असायचे कुठे? परत आले की त्यांच्या खिशात थाइमची पानं असायची आणि डोळे लाल. वारा लागला, म्हणायचे. विचारू नये, पण टेकडीपलीकडच्या गावात त्यांचं कोणी होतं का? रागावू नकोस. कळल्याशिवाय पाटी लावू देऊ नकोस एवढंच. मला रात्री झोप नाही.

आहे तो लोभ या प्रश्नाने आटू देऊ नकोस.

तुझी,
विसी

*

वाल्देतोमियो, २९ ऑक्टोबर

चि. विसीस,
आशीर्वाद.

दुसरी बाई नव्हती. आधी हे वाच आणि नीट झोप.

अगं, ससे सोलायची कोण? मीच ना? एकतीस वर्षांत एकाही कातड्याला भोक नव्हतं. पहिल्याच महिन्यात कळलं मला, की ते सातुरिओकडून येतात. आठवतो ना तो, बंदी असताना शर्टात फेरेट लपवून हिंडायचा आणि गार्ड दिसला की पोट दुखतंय म्हणून वाकून चालायचा?

लग्नात मी माहेरून कानेला आणली होती, दालचिनीच्या रंगाची कुत्री. पहिल्याच मोसमात तुझे बाबा तिच्याशिवाय घरी आले. वासामागे गेली आणि चुकली, म्हणाले. तीन दिवस आम्ही दोघांनी शोधली. तेच माझ्यापेक्षा मोठ्याने हाका मारत होते. चौथ्या दिवशी मी एकटी थाइमच्या टेकाडावर गेले, तर दगडांचा ढीग होता आणि त्यातून त्यांच्या लाल रुमालाचं टोक दिसत होतं. झुडूप हललं आणि यांनी ससा समजून बार काढला, तो कानेलाला लागला असणार. मला ते सांगितलं असतं तर मी रडले असते आणि माफ केलं असतं. पण हाका मारल्या, ते मला सहन झालं नाही.

ढीग पाहिल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. त्या रविवारी चर्चच्या पायरीवर, ते ऐकत असताना, बायकांना सांगितलं, की माझ्या नवऱ्याचा नेम कधी चुकत नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला बरं वाटलं, विसी. मग पुन्हा सांगितलं. दर सणाला, दर लग्नात. लोकांना खरं वाटलं. त्यांची कीर्ती म्हणतात ना, ती मी रागाने उभी केली आहे.

राग कधी गेला ते आठवत नाही, बहुतेक तू झालीस तेव्हा. पण टोमण्याची सवय लागली होती, आणि मध्येच थांबायचं कसं? शेवटच्या दुखण्यात एकदा त्यांनी हात धरून सुरुवात केली, तोमासा, कानेला... आणि मी सुपाचा चमचा त्यांच्या तोंडात घातला. गार होतंय, म्हटलं. का असं केलं कोण जाणे.

आणि आता ओनोरातोला माझा टोमणा पितळेवर कोरायचा आहे.

आई

*

वाल्देतोमियो, १२ नोव्हेंबर

चि. विसीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा मी सातुरिओकडे ससा विकत घ्यायला गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाबांचे ससे सोलायला मी आणि आणायला ते, असा आमचा संसार. सातुरिओ आता वाकूनच चालतो, गार्ड असो नसो. त्याने दोन ससे पुढे केले. मी कान ओढून बघितले, एक जून होता, तो परत केला. मग विचारलं, की हे इतकी वर्षं दुपारपर्यंत काय करायचे.

तो म्हणाला, टेकाडावर बसायचे. बंदूक मांडीवर, पण काडतूस नाही. तिथली थाइम माझ्यासाठी खुडायचे. आणि मग एक सांगितलं. बाबा त्याला म्हणाले होते, तिला सगळं माहीत आहे, ससा सोलणारीला कळत नाही होय? ती माझ्या नेमाचं कौतुक करते तोवर तिने माफ केलेलं नाही. ज्या दिवशी ती थांबेल, त्या दिवशी मी आपणहून सांगेन.

आणि मी तर थांबलेच नाही गं.

घरी येऊन ससा केला. मग जेवले, सगळं जेवले, डोकंसुद्धा, गाल आणि जीभ दोन्ही.

काल सान मार्तीन. खानावळ भरलेली, ओनोरातोने पुसून पुसून पाटीचा आरसा केलेला. मी उभी राहिले आणि सगळ्यांच्या समोर सांगितलं, की एलेउतेरिओचा नेम काही खास नव्हता. लग्नानंतर त्याच्या बंदुकीतून एकच बार सुटला, तोही चुकला. माणूस चांगला होता, पितळ उरलं असेल तर तेवढं लिहा. म्हातारीचं डोकं फिरलं, असं ओनोरातोच्या तोंडावर दिसत होतं. कोपऱ्यातून एकट्या सातुरिओने पेला उचलला. बंदूक मी घरी आणली.

येताना वाटेत टेकाडावर थांबले. दगड अजून आहेत, रुमाल नाही. तिथे बसून मोठ्याने म्हटलं, एलेउतेरिओ, मी थांबले बरं का. आता सांगायचं ते सांग, सुपाचा चमचा मध्ये आणणार नाही.

नाताळात सगळे या, आंपारोबाईंनाही आणा. ससा सातुरिओचा असेल, तेव्हा कवळी खुशाल लावून येऊ देत. तुम्हा सगळ्यांवर माझा जीव आहे, हे या खेपेला उघड लिहिते, उशीर नको.

तुझी आई,
तोमासा