माहुलीच्या पाच बिया

मु. पो. गोंडपिपरी
दि. ९ एप्रिल २००२

चि. दसरूले मोठ्या भावाचा आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? तुझ्या बायकोचे गुडघे दुखतात म्हणे, तुमच्या गावचा लच्छू सांगत होता. तेल लावते का नाई? तुझ्या म्हाताऱ्या सासूले अजून दिसते का? लेक भाग्यश्री बरी ना? इथी मी ठीक. तुझ्या वहिनीचा, इंदिराबाईचा खोकला गेला. तोंड मात्र तसंच चालू आहे. तलावात पाणी कमी, पण झिंगे बरे निघून राह्यले.

भाग्यश्रीचं लग्न ठरलं, हेही लच्छूनंच सांगितलं. मले बोलावणं नाई, त्याचा राग नाई.

पुडीत माहुलीच्या पाच बिया आहेत. मायनं घरामागं लावलेली वेल आठवते ना? तिच्याच. वाळलेल्या बुडातून पुन्हा फुटली, आता मोहाच्या शेंड्यावर गेली. बी एका कडेनं दगडावर जराशी घास, रातभर कोमट पाण्यात ठेव. मिरग लागला की पिशवीत रेती, माती, शेणखत भरून लाव. पुढच्या पावसाळ्यात मोठ्या झाडाच्या बुडाशी ने. आधाराले कोवळं झाड देऊ नको, वेल त्याचा गळा आवळते. पहिली दोन वर्षं वाढतच नाई असं वाटते. घाबरू नको, ती खाली मूळ धरून राह्यते. मंग तिची पानं पत्रावळ्यायसाठी नातवायलेही पुरतात.

लावायची रीत सांगून शेवटी आधी ‘बकऱ्यायपासून जप’ असं लिहिलं होतं. इंदिराबाईले वाचून दाखवलं, तर म्हणते, “अजून बकऱ्याच का? बारा वर्षं झाली, आता तरी कुऱ्हाडीचं नाव घ्या!”

घेतो. वाटणीत वेल तुझ्याकडं गेली, ते मले पाहवलं नाई. मीच कुऱ्हाडीनं बुडाची साल सोलली आणि तुझ्या बकऱ्यायनं खाल्ली असं पंचायले सांगितलं. मायची वेल राखली नाई म्हणून पंचायनं तुलेच बोल लावला; तू बकऱ्या विकल्या, बायको-लेक घेऊन एटापल्लीले सासुरवाडीत गेला. मी गप राह्यलो.

आपल्यात लेकीच्या लग्नाची पहिली पंगत घरच्या माहुलीच्या पानावर बसते. म्हणून लच्छूजवळ दीडशे पत्रावळ्या देतो. आम्ही दोघांनीच टाचल्या. तुले नको असतील तर चुलीत घाल, पण बिया लाव. त्या मायच्या आहेत.

एक पत्रावळ मी इथी ठेवून घेतली. बोलावशील तर ती घेऊन येईन, पंगतीच्या शेवटी बसेन.

पंगत बसायच्या आत दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्या तरी चालतील.

तुझी वेल सोलणारा,
तुझा भाऊ
मनसाराम