दाराच्या आतल्या बाजूचा रंग

मी, अमृतराव लक्ष्मणराव चिंतलवार, वय ७१, गाड्यांचा पेंटर, राहणार इचोडा, जिल्हा आदिलाबाद, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. वय झालं, डोकं शाबूत आहे. बायको कौशल्याबाईचं मत वेगळं आहे, पण तिला इथे विचारलेलं नाही.

१. राहतं घर कौशल्याबाईचं, तिच्यानंतर मुलगा व्यंकटेशचं. ती असेपर्यंत त्याने विकण्याचं नाव काढू नये.

२. स्प्रेचं मशीन व्यंकटेशला. तो बँकेत आहे, विकणारच. निदान ओळखीच्याला विकावं.

३. दुकानात जीपचं एक दार टांगलेलं आहे. ते भंगारात देऊ नये. राज्य वेगळं झालं त्या वर्षी, २०१४ ला, भीमपूरच्या उद्धवरावांची जीप मी आणि धाकटा भाऊ दादाजीने रंगवली. जीप आंब्याखाली उभी असायची. पुढच्या पावसाळ्यात रंगावर काळे ठिपके आले. उद्धवराव ढाब्यावर चारचौघांत मला बोलले आणि मी तिथेच दादाजीवर उलटलो. "तूच रंगात रॉकेल कालवलं," म्हणालो. तो तसाच निर्मलला निघून गेला. दुकानाच्या पाटीवरचं 'आणि बंधू' मी रंग मारून झाकलं.

जीप मोडीत निघाली तेव्हा हे दार मी मागून आणलं. कौशल्याबाईने सोड्याच्या पाण्याने पुसलं, ठिपके गेले. पावसात आठ दिवसांत परत आले. ती बुरशी होती. दादाजीचा रंग दाराला दोन्ही बाजूंनी आहे आणि आतली बाजू आजही स्वच्छ आहे. बाहेरून चकाकी यावी म्हणून वरून जवसाच्या तेलाचा हात मी मारला होता. लाकडी खेळणी रंगवायचो तेव्हाची सवय. सावली होती, ओल होती, बुरशीला जेवायला मी वाढलं. दादाजीने रॉकेल कालवलं नव्हतं. मी चुकलो, आणि मला त्याची लाज वाटते.

४. दुकान दादाजीला. हे कलम रद्द.

का, तेही लिहितो. दसऱ्याला जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि निर्मल वेगळा झाल्याने भाऊ दुसऱ्या जिल्ह्याचा झाला. तेव्हा मला राहवलं नाही, निरोप धाडला. काल तो आला. त्याची साक्ष मला हवी होती. वकील त्याला म्हणाले, साक्षीदार झालात तर तुम्हाला दिलेलं दुकान बाद ठरू शकतं. दादाजी म्हणाला, "मले दुकान नाई पायजे, दादा. जितं बोल्लास तितंच हे वाच. मंग मी सही करतो."

५. दुकानही व्यंकटेशला. पाटी दादाजी सांगेल तशी.

आज त्याच ढाब्यावर, चारचौघांत, मोठ्याने वाचून सही केली.

इचोडा, १६ ऑक्टोबर २०१६
अमृतराव लक्ष्मणराव चिंतलवार

साक्षीदार
१. उद्धवराव बापूजी ठाकरे, भीमपूर
२. दादाजी लक्ष्मणराव चिंतलवार, पेंटर, जिल्हा निर्मल. ऐकलं.