खांद्याचे बारा आणे

अहो,

ॲक्युपंक्चरला आज मी एकटीच रिक्षाने जातेय. स्कूटर काढून मागोमाग येऊ नका. सुया टोचताना डॉक्टर विचारतात, "दुखणं रुपयात किती आणे कमी?" तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडे अशा आशेनं बघता, की मी दर वेळी दोन आणे वाढवून सांगते. सोमवारी बारा आण्यांवर गेले. खांदा होता तिथंच आहे. थकले हो मी. आज त्यांना खरं सांगणार आहे. यावलच्या अक्कांना तुम्ही 'बरी झाली' म्हणून सांगून बसलात, ते तूर्त असू द्या.

भरीत-भाकरी झाकून ठेवलीय. भाकरी बघून रोज म्हणता ना, हात पहिल्यासारखा चालायला लागला? महिनाभर भाकऱ्या शेजारची कामिनी थापून देतेय.

दीपमाला